लेखनिक मिळाला, वर्गाचं काय? खान्देशातल्या दिव्यांग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या सोयींची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या महाविद्यालयात ‘दिव्यांग मुलांसाठी काय सोय आहे?’ असं विचारलं, तर पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: रायटर, म्हणजे मुलाने सांगितलेलं उत्तर लिहून घेणारा लेखनिक मिळतो, पेपरला जादा वेळ मिळतो. उत्तर खोटं नाही. फक्त परीक्षा थोड्या दिवसांची असते आणि कॉलेज वर्षभर चालतं. सोयींची गाडी परीक्षेच्या खोलीतूनच का सुटली, त्याची कारणं जुनी आहेत.

जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही खान्देशातली नावाजलेली महाविद्यालयं 1940 च्या दशकातली. जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झालं ते 15 ऑगस्ट 1990 रोजी. 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. 1990 च्या आधी कित्येक वर्षं इथल्या पदव्या पुणे विद्यापीठाच्या होत्या. त्या काळात अंध किंवा अपंग मुलाने पदवी घेतली, तर ती घरच्यांच्या, मित्रांच्या आणि एखाद्या कळवळ्याच्या प्राध्यापकाच्या जोरावर. मित्र पुस्तक वाचून दाखवायचा, भाऊ सायकलवर डबलसीट आणून सोडायचा. कॉलेजने काही करायलाच हवं, असा कायदाच नव्हता.

तो आला 1995 मध्ये आणि 7 फेब्रुवारी 1996 पासून लागू झाला. सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत किमान 3 टक्के जागा राखीव ठेवायची तरतूद त्यात होती. गंमत म्हणजे हे कलम, 39 वं, नोकरीविषयीच्या प्रकरणात घातलेलं होतं. त्यामुळे ते प्रवेशाबद्दल आहे की नोकरीबद्दल, यावर वाद घालायला जागा उरली. कायद्याचा मसुदा करणाऱ्यांच्या ढिसाळपणाचा फटका प्रवेशाच्या रांगेतल्या मुलांना बसतो, तो असा.

पैशाची बाजू विद्यापीठ अनुदान आयोगाने नवव्या पंचवार्षिक योजनेत (1997 ते 2002) पाहिली. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी मदत कक्ष, रॅम्प व स्वच्छतागृहं, आणि वाचन-लेखनाची खास उपकरणं अशा तीन गोष्टींसाठी महाविद्यालयांना अनुदान मागता येऊ लागलं. पण मागितलं तरच. प्रस्ताव कोण लिहिणार, हा तालुक्याच्या कॉलेजातला नेहमीचा प्रश्न. पुढे मार्च 2017 अखेर बारावी योजना संपली आणि पंचवार्षिक योजनांची पद्धतच थांबली. दिव्यांगांच्या हक्कांचा नवा, जास्त कडक, 2016 चा कायदा लागू झाला तो त्यानंतर, 19 एप्रिल 2017 रोजी.

दरम्यान परीक्षेचे नियम मात्र भराभर स्पष्ट होत गेले. फेब्रुवारी 2013 मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने लेखनिकाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या: तासाला किमान 20 मिनिटं जादा, आणि लेखनिकाच्या शिक्षणाची, वयाची अट नको. 2018 मध्ये त्यात बदल होऊन, विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्याचं शिक्षण एक पायरी खालचं असावं, असं ठरलं. वाचायला सोपं वाटतं. पण बी.ए.च्या मुलाने बारावीचा रायटर शोधायचा, आणि तोही गावात घरोघर कापूस वेचायला माणसं कमी पडत असताना! शिवाय घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला तीन तास प्रमाण मराठीत उत्तरं सांगायची असतात, ती लिहून घेणाऱ्याचं शुद्धलेखन पक्कं नसेल तर गुण कुणाचे जातात? तरी एक खरं की या नियमांत आकडे आहेत. तासाला 20 मिनिटं म्हणजे 20 मिनिटं. केंद्रप्रमुखाला दाखवता येतं. वर्गातली फळ्यावरची आकृती अंध मुलाला कशी समजावायची, याला असा आकडा नाही, म्हणून ते शिक्षकाच्या मर्जीवर राहिलं.

कॉलेजच्या बाहेर मात्र जळगावात एक काम उभं राहिलं. दीपस्तंभ फाउंडेशनच्या मनोबल प्रकल्पात दिव्यांग मुलं-मुली निवासी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. राहणं, जेवण, वाचनाची साधनं एका छताखाली मिळाली की काय फरक पडतो, ते तिथे दिसतं. तिथलाही रोख परीक्षेकडेच आहे, आणि नोकरीची गरज पाहता त्यात नवल नाही.

2016 च्या कायद्याने उच्च शिक्षणातलं आरक्षण 5 टक्क्यांवर नेलं, वयात 5 वर्षांची सूट दिली आणि अपंगत्वाचे प्रकार 21 केले. खान्देशाच्या दृष्टीने या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा शब्द सिकलसेल. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा वस्त्यांमध्ये हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरांत माहीत आहे. अक्कलकुवा-धडगावकडून नंदुरबार-शहाद्याला शिकायला आलेल्या मुलीला हा आजार असेल, तर ती वरून धडधाकट दिसते. थंडीत, ताप आला की, अंगात पाणी कमी पडलं की सांधे आणि हाडं असह्य दुखतात, दवाखान्यात भरती व्हावं लागतं, आठ-दहा दिवसांचे तास बुडतात. तिला रॅम्प नको, रायटरही नको. तिला हजेरीत सूट हवी, बुडलेलं प्रॅक्टिकल पुन्हा हवं, वसतिगृहात पिण्याचं पाणी आणि पांघरूण हवं.

आरक्षणासाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. कधी दुखेल आणि कधी नाही, अशा आजाराची टक्केवारी काढणं डॉक्टरांनाही अवघड. त्यासाठी धडगावकडच्या मुलीने सातपुड्यातला चांदसैली घाट उतरून सिव्हिलला यायचं, तपासणीचा वार चुकला की पुन्हा खेप. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही असं सांगितलं आणि ऑगस्ट 2022 मध्ये तशा सूचनाही निघाल्या. म्हणजे पुन्हा सुधारणा झाली ती परीक्षेच्या खोलीतच.

आणखी एक पेच कायद्यातच आहे. उच्च शिक्षणाचं 5 टक्के आरक्षण किमान 40 टक्के अपंगत्व असेल तर सगळ्या प्रकारांना आहे, सिकलसेललाही. सरकारी नोकरीच्या 4 टक्क्यांचं कलम 34 मात्र प्रकार मोजून सांगतं, आणि त्यात रक्ताचे आजार नाहीत. नंदुरबारच्या कॉलेजात दिव्यांग म्हणून प्रवेश घेतलेली मुलगी पदवी घेऊन सरकारी भरतीचा अर्ज भरते, तेव्हा दिव्यांगांच्या राखीव जागेवर तिला हक्क सांगता येत नाही.