म्हैस उसात, विमान पाण्यात

समुद्रात विमान बेपत्ता होतं, चार-पाच दिवसांनी एखादी सीट तरंगताना दिसते, आणि टीव्ही बघणाऱ्याला वाटतं, झालं, विमान खालीच असणार. तसं नसतं. पावसाळ्यात मलप्रभेला पाणी चढलं की खानापूरच्या पुलावरून बघा. भिजून जड झालेला ओंडका पाण्याच्या ओढीने सरळ जातो, तर रिकामा प्लास्टिकचा कॅन वाऱ्याने आडवा सरकतो. दोन्ही एकाच ठिकाणाहून सुटले असले तरी तासाभराने त्यांची भेट होत नाही. समुद्रात अर्ध्या नॉटचा प्रवाह म्हणजे तासाला जेमतेम 930 मीटर, माणसाच्या चालीहूनही कमी. तोच पाच दिवसांत वस्तू 111 किलोमीटर लांब नेतो.

रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं 447 हे विमान 1 जून 2009 रोजी 228 जणांसह अटलांटिकमध्ये कोसळलं. ते दर दहा मिनिटांनी आपलं ठिकाण उपग्रहामार्फत कळवत होतं, म्हणून शेवटचा ठावठिकाणा पक्का होता. पुढच्या काही मिनिटांत ते जास्तीत जास्त जिथवर जाऊ शकलं असतं, तेवढं वर्तुळ आखलं गेलं. त्रिज्या 40 सागरी मैल, म्हणजे 74 किलोमीटर. बेळगावहून रस्त्याने निपाणी साधारण तेवढीच. क्षेत्रफळ मात्र अख्ख्या बेळगाव जिल्ह्याहून मोठं, आणि त्यावर जवळपास चार किलोमीटर पाणी.

आधी कान लावले गेले. ब्लॅक बॉक्स (रंगाने तो भगवा असतो, पण नाव पडलं ते पडलं) पाण्यात गेला की त्याला जोडलेला पिंगर आपोआप चालू होतो आणि सेकंदाला एक टिक् करतो. हा आवाज 37.5 किलोहर्ट्झचा. माणसाचा कान 20 च्या वर ऐकत नाही, त्यामुळे यंत्रच लागतं. बॅटरीची हमी तेव्हा 30 दिवसांची होती, आता नवे पिंगर 90 दिवसांचे असतात. आवाज पोचतो साधारण दोन-तीन किलोमीटर, आणि तळ 3,900 मीटरवर. म्हणजे जहाजावर बसून काही ऐकू येणार नाही, ऐकण्याचं यंत्र केबलला बांधून खोल सोडून ओढावं लागतं. महिनाभर तसं ओढलं, काही ऐकू आलं नाही. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी तरंगत्या अवशेषांचा प्रवास उलटा मोजला आणि शोध वायव्येकडे नेला. विषुववृत्ताजवळचे प्रवाह लहरी, मोजमापं तुटपुंजी. तिथेही हाती काही लागलं नाही.

इथे खरी गोम आहे, आणि ती समजायला म्हैस बरी. चरायला सोडलेली म्हैस घरी आली नाही. ती उसाच्या फडात असण्याची शक्यता 60 टक्के धरू, शेजारच्या हरभऱ्यात 40 टक्के. फडात आत शिरून बघितलं तरी पुरुषभर उसात म्हैस दिसण्याची शक्यता निम्मीच. नाही दिसली. मग उसाच्या 60 पैकी 30 उरले, हरभऱ्याचे 40 तसेच. एकूण 70 मध्ये उसाचा वाटा 43 टक्के झाला. कमी झाला, पण शून्य नव्हे. आता हरभऱ्यात बघा. गुडघाभर पीक, म्हैस असती तर बांधावरूनच दिसली असती. तिथे नाही म्हटल्यावर जवळजवळ सगळी शक्यता परत उसात येते. पण मालक म्हणतो, "उसात बघून आलोय की गा, न्हाई तिथं," आणि तिसऱ्याच शिवारात निघतो.

अटलांटिकमध्ये ऊस म्हणजे शेवटच्या ठिकाणाजवळचा भाग. तिथे पिंगर ऐकू आला नव्हता, म्हणून विमान तिथे नाही असं धरलं गेलं होतं. मेट्रॉन या अमेरिकी कंपनीच्या गणितज्ञांनी विमानातल्या दोन्ही ब्लॅक बॉक्सचे पिंगर मुके असू शकतात ही शक्यता हिशेबात घेतली, तशी आकड्यांची गर्दी पुन्हा त्याच जागी झाली. मार्च 2011 अखेर जहाज गेलं आणि आठवड्याभरात अवशेष दिसले. शेवटच्या ठिकाणापासून सुमारे 12 किलोमीटरवर. बेळगाव शहरातून सांबरा विमानतळ त्याहून थोडा जवळच.

ते सापडले ते सोनारमुळे. सोनार आवाज सोडतो आणि तळावरून आलेल्या पडसादाचं चित्र बनवतो. काम नांगरटीसारखं, तासाला (नांगराच्या रेषेला) तास लावून. यंत्राच्या बरोबर खालची पट्टी नीट दिसत नाही, म्हणून शेजारच्या तासाने ती झाकावी लागते. उंचवट्याच्या मागे आवाजाची सावली पडते, तिथे विमानाचा तुकडा लपू शकतो. वारंवारता कमी ठेवली तर लांबचं दिसतं पण धूसर, वाढवली तर स्पष्ट पण जवळचंच. ओढायच्या सोनारची केबल दहा किलोमीटरपर्यंत लांब असते, त्यामुळे धुऱ्यावर बैल वळवावेत तसं चटकन वळता येत नाही, एका वळणाला तास न् तास जातात. म्हणून एअर फ्रान्सच्या शोधात बिनकेबलचे, स्वतः पोहणारे रोबो उतरवले होते. त्यांनाही मर्यादा असतेच. मलेशियाच्या बेपत्ता एमएच 370 विमानासाठी 2014 मध्ये उतरवलेला ब्लूफिन हा रोबो पहिल्याच फेरीत परत वर आला, कारण तळ त्याच्या 4,500 मीटरच्या मर्यादेहून खोल निघाला.

एमएच 370 च्या बाबतीत तर शेवटचं ठिकाणच नाही. उपग्रहामार्फत साधारण तासातासाने गेलेली हाक आणि विमानाने दिलेली ओ, एवढंच हाती आहे. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून विमानाचं उपग्रहापासूनचं अंतर कळतं, दिशा नाही. पूर्वी गुऱ्हाळाच्या घाण्याला बैल असत. दोर किती लांब हे माहीत असलं तरी या घडीला बैल घाण्याच्या कुठल्या बाजूला आहे ते दोर सांगत नाही. तसंच विमान एका लांब कमानीवर कुठेही असू शकतं. शेवटच्या अशा कमानीलगत 1,20,000 चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे नऊ बेळगाव जिल्हे, तपासून जानेवारी 2017 मध्ये शोध थांबला. त्या विमानातल्या एका पिंगरच्या बॅटरीची मुदत डिसेंबर 2012 मध्येच संपली होती, हे चौकशीत नंतर उघड झालं. अशा वेळी कान लावून काही ऐकू आलं नाही, याचा अर्थ किती धरायचा?

एअर फ्रान्सचे रेकॉर्डर, म्हणजे ते ब्लॅक बॉक्स, मे 2011 मध्ये वर आले, 23 महिन्यांनी. असा रेकॉर्डर सापडला की पुसून उन्हात ठेवत नाहीत. तो पाण्यातच बुडवून प्रयोगशाळेत नेतात, कारण हवा लागली की आतलं मीठ वाळतं आणि गंज चढतो. तिथे मेमरी कार्ड धुतात, मंद उष्णतेवर सुकवतात, आणि मगच त्याला वीज जोडतात.