सर्व्हिस पॅक आधीच घातलेली सीडी

यवतमाळ, बुलढाणा, गडचिरोलीकडे तालुक्याच्या गावी कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या बॅगेत एके काळी मार्करने 'एक्सपी एसपी २', म्हणजे विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २, असं लिहिलेली सीडी असायची. सर्व्हिस पॅक म्हणजे विंडोजमधल्या साठलेल्या दुरुस्त्यांचा एकत्र गठ्ठा. फॉरमॅट मारला की तीच टाकायची. तिची गरज का पडली, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

विंडोज एनटी ४ मध्ये सर्व्हिस पॅक टाकल्यावरही मूळ सीडीवरून एखादा नवा भाग घेतला, की जुन्या फाइली परत येत आणि पॅक पुन्हा टाकावा लागे. विंडोज २००० पासून हा पॅक इन्स्टॉलेशनच्या फाइलींतच मिसळायची सोय झाली. तिला स्लिपस्ट्रीम म्हणतात.

तिचं खरं मोल कळलं ते २००३ साली. एक्सपीतल्या आरपीसी या, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनचं काम घेणाऱ्या भागातल्या दोषावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, १६ जुलैला आला आणि ११ ऑगस्टला ब्लास्टर हा वर्म, म्हणजे नेटवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, सुटला. कुठे क्लिक करायची गरज नव्हती, नेट जोडलं की पुरे. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि मशीन बंद होऊन पुन्हा चालू व्हायचं. एक्सपीत नेटवरून येणारा घुसखोर अडवणारी फायरवॉल होती, पण मुळात बंद ठेवलेली. डायल-अपवर मधे राउटरही नसे, त्यामुळे वर्म थेट मशीनपर्यंत पोचायचा. म्हणजे पॅच हवा तर नेट लावा, आणि नेट लावलं की लागण! पुढच्या वर्षी सॅसर या दुसऱ्या वर्मने तेच केलं.

ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या एसपी २ ने फायरवॉल आपोआप चालू केली. पण त्याची पूर्ण फाइल २६६ एमबीची. ५६ केचा मोडेम पूर्ण वेगाने चालला तरी जवळपास अकरा तास, आणि इकडे भारनियमन. मधेच लाइन गेली की मेहनत पाण्यात. नेटवरून अपडेट घ्या, हा सल्ला खेड्याला कधी लागूच नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणीतरी शहरातून फाइल आणायची, तीच गावभर फिरायची.

स्लिपस्ट्रीमची कृती अशी: विंडोजच्या मूळ सीडीवरच्या सगळ्या फाइली हार्ड डिस्कवर घ्यायच्या, पॅक उलगडायचा आणि त्यातल्या update.exe वर नुसतं डबल क्लिक न करता कमांडमध्ये 'इंटिग्रेट' आणि फोल्डरचा पत्ता द्यायचा. आय३८६ या इन्स्टॉलेशनच्या फोल्डरमधल्या जुन्या फाइलींच्या जागी नव्या बसत. खरी गोची पुढे होती. या फाइली नुसत्या कॉपी करून राइट केल्या तर सीडी बूट होत नसे, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होत नसे. मूळ सीडीचा बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा भाग, वेगळा काढून जोडावा लागे. कोऱ्या सीड्या वाया जायच्या त्या इथेच.

व्हिस्टापासून फाइलींचा ढीग जाऊन सगळं एकत्र बांधलेली एकच मोठी इमेज फाइल आली, आणि विंडोज ७ पासून डिझम या कमांडने तिच्यात अपडेट घालता येतात. मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ज्या सेवा केंद्रात नेट अजून रडतखडत चालतं, तिथल्या माणसाने त्यानंतर आपला पेनड्राइव्ह ताजा करून घ्यावा. म्हणजे नवं मशीन नेटला लागण्याआधीच पॅच घेऊन उभं राहील.