चिपवरचा लिडार आणि थेंबाएवढी भिंगे

मार्च 2022 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मिंग वू यांच्या गटाने लिडारची एक चिप सादर केली. लिडार म्हणजे लेझरचा प्रकाश फेकून, परत येणाऱ्या प्रकाशावरून समोरच्या वस्तूंचे अंतर मोजणारे यंत्र. लांबी-रुंदी सेंटिमीटरभर, आणि तेवढ्यात 128 गुणिले 128, म्हणजे 16,384 अँटेना. अँटेना म्हणजे इथे ग्रेटिंग: चिपमधून वाहणारा प्रकाश वर फेकणाऱ्या बारीक समांतर खाचा. प्रत्येक ग्रेटिंगला स्वतःचा सूक्ष्म यांत्रिक स्विच. ज्या ग्रेटिंगचा स्विच लागतो तिथूनच प्रकाश निघतो आणि वरचे मोठे भिंग त्याला एका ठरावीक दिशेला पाठवते. शेजारचा स्विच लावला की दिशा बदलते. फिरणारा आरसा नाही, मोटर नाही. 70 अंश रुंद आणि 70 अंश उंच टापू ही चिप पाहू शकत होती. पल्ला मात्र सुमारे 10 मीटर होता, आणि महामार्गावरच्या चालकाविना धावणाऱ्या गाडीला तर दोनशे मीटरवरचे दिसायला हवे.

मग लेझरची शक्ती वाढवावी, हे पहिले सुचते. पण समोर माणसे असतात आणि त्यांना डोळे असतात. नेत्रसुरक्षेची मर्यादा ओलांडता येत नाही, शिवाय सिलिकॉनच्या बारीक वाटाही ठरावीक शक्तीपलीकडे प्रकाश गिळू लागतात. म्हणून आहे तो प्रकाश सांडू न देणे एवढेच हाती उरते. या रचनेत सांडण्याचा दंड दुहेरी आहे, कारण ज्या वाटेने प्रकाश जातो त्याच वाटेने तो परत येतो. जाताना निम्मा वाया गेला तर येतानाही निम्माच मिळतो; हाती चौथाई.

लिडार स्वतः जुना आहे. थिओडोर मेमन यांनी 1960 मध्ये पहिला लेझर चालवला, 1971 मध्ये अपोलो 15 ने चंद्राभोवती फिरताना लेझरने उंची मोजली. 2007 च्या डार्पा अर्बन चॅलेंज या चालकाविना धावणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत शर्यत पूर्ण करणाऱ्या सहापैकी पाच गाड्यांच्या टपावर व्हेलोडाइन कंपनीचे 64 लेझरचे फिरते लिडार होते. ते जड होते, महागही होते, म्हणून चिपकडे वळणे ओघानेच आले. 2013 मध्ये एमआयटीच्या गटाने 4,096 अँटेनांचा प्रकाशीय 'फेज्ड अ‍ॅरे', म्हणजे सगळ्या अँटेनांच्या लहरींचा मेळ साधून झोत घडवणारी रचना, एका चिपवर बसवून दाखवली. बर्कलीची स्विचवाली वाट त्याहून वेगळी.

प्रकाश सांडू न देण्याचा एक उपाय म्हणजे सूक्ष्मभिंगे, थेंबाएवढी इवली भिंगे. त्यांची गोष्ट मात्र लिडारमधली नाहीच, ती कॅमेऱ्यातली आहे. 1980 च्या दशकात व्हिडिओ कॅमेऱ्यांत सीसीडी, म्हणजे प्रकाशाचा विद्युतभार करणारे सेन्सर, आले, तेव्हा प्रत्येक पिक्सेलमधली बरीचशी जागा विद्युतभार वाहून नेणारी पन्हळच खात होती. तिच्यावर पडलेला प्रकाश फुकट. 1983 मध्ये जपानच्या एनईसी कंपनीतील इशिहारा आणि तानिगाकी यांनी प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर रेझिनचे इवलेसे भिंग बसवले. नरसाळ्यासारखे ते आजूबाजूचा प्रकाश गोळा करून नेमक्या जागी उतरवते. 1988 मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो प्रयोगशाळेतील पोपोविच आणि सहकाऱ्यांनी अशी भिंगे घडवण्याची एक सोपी पद्धत मांडली. फोटोरेझिस्टचे, म्हणजे प्रकाश टाकून आकार देता येणाऱ्या रेझिनचे, छोटे खांब उभे करायचे आणि तापवायचे. रेझिस्ट वितळतो, पृष्ठताण त्याला गोलाई देतो. अळूच्या पानावर पाण्याचा थेंब जसा आपोआप गोल होतो, तसेच. घासायचे नाही, पॉलिश करायचे नाही, आणि एका वेळी हजारो भिंगे तयार. या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच.

पुढे हीच युक्ती स्पॅडच्या कामी आली. एकटा फोटॉनही, म्हणजे प्रकाशाचा एकच कणही, टिपणारा हा डायोड. त्याचा पाया 1960 च्या दशकात रोलंड हाइट्झ यांनी आणि नंतर मिलानमध्ये सर्जिओ कोव्हा यांनी घातला. पण प्रत्येक स्पॅडभोवती संरक्षक कडे लागते, शेजारी मोजणीचे सर्किट लागते, आणि पाहणारी जागा आक्रसते. 2014 च्या 'स्विसस्पॅड' या 512 गुणिले 128 पिक्सेलच्या चिपमध्ये ती जेमतेम 5 टक्के होती. शंभर फोटॉन आले तर पंचाण्णव भलतीकडे. म्हणून तिच्यावरही सूक्ष्मभिंगे चढवली गेली.

ग्रेटिंगच्या चिपवर हा प्रश्न उलटा होऊन येतो, कारण इथे प्रकाश आधी बाहेर पडायचा असतो. प्रकाश जितक्या अरुंद जागेतून निघतो तितका जास्त फाकतो. ग्रेटिंग काही मायक्रोमीटरची, म्हणून झोत असा पसरतो की मोठ्या भिंगाच्या काठाबाहेर त्याचा काही भाग निसटतो. चिपच्या कडेच्या ग्रेटिंगांचे आणखी वाईट: त्यांचा झोत सरळ वर जातो आणि भिंग तर मध्यावर बसलेले. प्रत्येक ग्रेटिंगवर सूक्ष्मभिंग ठेवले की फाकलेला झोत आवरला जातो. कडेची भिंगे थोडी मध्याकडे सरकवली की झोत मोठ्या भिंगाकडे कलतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील सेन्सरवरची भिंगे अशीच, मध्यापासून कडेकडे जाताना थोडी थोडी सरकवलेली असतात.

याची किंमत आहे. झोत आवरला की तो मोठ्या भिंगाचा कमी भाग व्यापतो, आणि अरुंद जागेतून निघाल्याने समोरच्या दृश्यात रुंद होतो. पण बर्कलीच्या चिपमध्ये दोन शेजारच्या दिशांमधले अंतर 0.6 अंश होते आणि झोत अवघा 0.05 अंशाचा. क्षेत्रफळाने पाहिले तर दृश्याचा सुमारे 144 वा भागच उजळत होता, मधल्या फटीत एखादी बारीक तार असती तर ती दिसलीच नसती. त्यामुळे झोत रुंद होणे हा माझ्या मते इथे निव्वळ तोटा नाही. खरी अडचण वेगळी आहे. परतीचा प्रकाशही मोठ्या भिंगाच्या तेवढ्याच भागातून घेतला जातो, जेवढा जाणाऱ्या झोताने व्यापला होता. सूक्ष्मभिंगाने झोत फार आवळला तर मोठ्या भिंगाचा बराच भाग रिकामा पडतो आणि परत येणारे फोटॉन घटतात. त्यामुळे झोताने मोठे भिंग काठोकाठ भरावे आणि काठाबाहेर सांडू नये, इतकीच ताकद सूक्ष्मभिंगाला द्यावी लागते. आणि स्विचचे भाग खरोखर हलणारे असल्याने ही भिंगे चिपवर थेट वितळवण्याऐवजी वेगळ्या पट्टीवर घडवून, मध्ये मोकळी फट राखून, मायक्रोमीटरच्या नेमकेपणाने वरून बसवावी लागतात.