पंच (इंग्रजी शब्द)

पंच हा इंग्रजीतला अगदी रोजचा शब्द, पण खरं बघायला गेलं तर तो एक शब्द नाहीच, उच्चार एक आणि कुळं वेगळी असे निदान तीन शब्द आहेत. ठोसा आणि भोक पाडायचं हत्यार (तिकीट पंच करतात तो) हे अर्थ फ्रेंचमधून आलेत, मुळाशी टोचणं या अर्थाचा लॅटिन धातू. कळसूत्री खेळातला पंच म्हणजे इटलीच्या नाटकातलं विनोदी पात्र पुल्चिनेल्ला, सॅम्युअल पीप्सने १६६२ मध्ये लंडनला हा खेळ बघितल्याचं डायरीत लिहिलंय, आणि १८४१ चं ‘पंच’ साप्ताहिक याच्याच नावाचं.

खरा वाद आहे तो पेयाच्या पंचबद्दल. हा शब्द इंग्रजीत १६३२ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या पत्रात दिसतो, म्हणजे जन्म हिंदुस्थानच्या व्यापारातला हे बहुतेकांना मान्य आहे. हिंदुस्थानात राहिलेला इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर (प्रवासवर्णन १६९८) सरळ सांगतो की पाच जिन्नस म्हणून पंच, आणि नेरूळची अर्राक (इकडची गाळलेली दारू) सगळ्यात चांगली. हे नेरूळ नवी मुंबईतलं नाही, गोव्यातलं असावं. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांच्या हॉब्सन-जॉब्सन कोशाचा (१८८६) कलही इकडेच.

अडचण अशी की जुन्या कृतींमध्ये पाच जिन्नस नीट मोजून मिळत नाहीत. जर्मन प्रवासी मांडेल्स्लो १६३८ मध्ये सुरतेला आला होता, त्याच्या वर्णनात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर, म्हणजे चारच, आणि फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो त्यात अर्राक, लिंबू, पाणी, थोडं जायफळ. दुसरी शंका स्वराची, कारण मांडेल्स्लोचं ‘पालेपुंत्झ’ आणि फ्रेंचांचं ‘बुलेपोंज’ (दोन्ही ‘बोल ऑफ पंच’चे, म्हणजे वाडगाभर पंचचे, अपभ्रंश) यांच्यात उ-ओ ऐकू येतो, आपल्या पंचमधला अ नाही. म्हणून काहीजण पंचन, म्हणजे दारूचं मोठं पिंप, याचं हे छोटं रूप मानतात, खलाशांच्या बोलीत ते शक्यही आहे. पण पिंपावरून पेयाला नाव पडलं असं त्या काळातलं कुणी लिहिलेलं दाखवता येत नाही, उलट फ्रायर तर इथे राहून गेलेला, त्यामुळे पाचाचं मत अजूनतरी जास्त वजनदार वाटतं, जिन्नस चार असोत की पाच.

नंतर युरोपात यात चहाही पडायला लागला. सध्याच्या फ्रूट पंचमध्ये दारू असतेच असं नाही.