सिमला (इंदूरहून प्रवास आणि पाहण्याची ठिकाणे)

सिमला (शिमला) : हिमाचल प्रदेशची राजधानी व हिमालयातील थंड हवेचे ठिकाण. उंची सुमारे २,२०० मी., म्हणजे इंदूरच्या चौपट. १८६४ पासून ही ब्रिटिश सरकारची उन्हाळी राजधानी होती. शहर एका अरुंद डोंगरधारेवर वसले आहे आणि तिथल्या बहुतेक सोयी-गैरसोयी त्यातूनच येतात. इंदुरात राजवाड्यावरून सराफ्यात जावे तसे इथे सरळ चालत जाता येत नाही. चढावे तरी लागते, नाही तर उतरावे तरी. सगळ्यांत खाली मोटारींचा कार्ट रोड, वर लोअर बाजार, त्याच्या वर मॉल रोड, मग रिजचे मोकळे पटांगण आणि सगळ्यांच्या डोक्यावर जाखू टेकडी (२,४५५ मी.). नकाशात हाकेच्या अंतरावर दिसणारे हॉटेल प्रत्यक्षात दीडदोनशे पायऱ्या वर निघते. म्हणून खोली ठरवताना ‘मॉलपासून किती लांब’ हा प्रश्न निरुपयोगी. गाडी सोडेल तिथून पायऱ्या किती, आणि त्या वर की खाली, हे विचारावे.

रिज ही पाणी वाटणारी धार आहे. एका उतारावरचे पाणी सतलजला जाते, दुसऱ्या उतारावरचे गिरी नदीतून यमुनेला. माळव्यातल्या माणसाला याचे नवल वाटू नये. महूजवळच्या जानापाव डोंगरावर चंबळ एका अंगाला उतरते आणि नर्मदेला मिळणारे पाणी दुसऱ्या. इंदूरच्या खान नदीचे पाणीही क्षिप्रा, चंबळ असे करत शेवटी यमुनेतच पडते. धारेवर गाव म्हणजे गावाला स्वतःची नदी नाही. पाणी खालच्या दऱ्यांतून पंपाने चढवावे लागते. रिजच्या फरशीखाली ब्रिटिश काळातील मोठी टाकी आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची तीव्र टंचाई झाली होती. इंदूरच्या शाळांना सुटी लागते तेव्हाच, मे-जूनमध्ये, इथली गर्दी आणि पाण्याची ओढ दोन्ही शिगेला असतात. तेव्हा नळ किती वेळ चालतो हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारावे.

इंदूरहून सोयीची गाडी मालवा एक्सप्रेस. दुपारी निघून उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली करत ती दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाला छावणीला पोचते. पुढे रेल्वेने किंवा बसने कालका. घोटाळा होतो तो इथेच. कालक्याहून सिमल्याला जाणाऱ्या अरुंद रुळांवरच्या छोट्या गाड्यांपैकी बहुतेक पहाटे आणि सकाळी सुटतात. मालवा वेळेवर असली तरी त्या हाती लागत नाहीत. दुपारच्या गाडीच्या भरवशावर राहिले आणि मालवा दोन तास रखडली, तर तिकीटही जाते आणि टॅक्सीचा खर्चही बसतो. छोट्या गाडीनेच जायचे असेल तर आदली रात्र कालक्यात काढावी, किंवा दिल्लीला उतरून रात्रीची कालका गाडी धरावी. नाही तर अंबाल्याहून सरळ बस बरी.

कालका–सिमला रेल्वे १९०३ मध्ये सुरू झाली. लांबी ९६.६ किमी., रुळांतील अंतर ७६२ मिमी. इंदूरजवळची पाताळपाणी–कालाकुंडची मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांची) गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी त्याहूनही अरुंद डबा डोळ्यांपुढे आणावा. कालका ६५६ मीटरवर, सिमला स्थानक सुमारे २,०७६ मीटरवर. एवढी चढण पाच-सव्वापाच तासांत, शंभरावर बोगदे आणि नऊशेवर वळणे घेत. सर्वांत लांब बोगदा बडोगचा, १,१४३ मीटरचा. २००८ मध्ये या मार्गाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डब्यात मोठ्या बॅगा ठेवायला जागा नसते, त्यामुळे चाकांच्या दोन अवजड बॅगांपेक्षा चार लहान पिशव्या बऱ्या. गाडी लागत असेल त्याने निघण्यापूर्वी अर्धा तास गोळी घ्यावी आणि पोहे बेताचे खावेत.

घरून नेलेल्या शेवेची बंद पुडी वाटेत फुगत जाते आणि सिमल्यात पोचेपर्यंत उशीसारखी टम्म होते. माल खराब झालेला नसतो. बाहेरच्या हवेचा दाब इंदूरपेक्षा सुमारे १८ टक्के कमी झालेला असतो. शांपूची बाटली याच कारणाने गळते. ती दाबून आतली हवा काढावी आणि मग झाकण लावावे. पाणीही इथे ९२–९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. उंची लागण्याचा त्रास एवढ्यावर सहसा होत नाही. धाप लागते ती पायऱ्यांमुळे.

मॉलवर सर्वसामान्यांची वाहने जात नाहीत. कार्ट रोडवरून वर यायला पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांची. पहिलीतून उतरून थोडे चालायचे आणि दुसरीत शिरायचे. सामान जास्त असल्यास हमाल करावा, पण मजुरी आधी ठरवून.

पाहण्यासारखे म्हणून एकच निवडायचे असेल तर व्हाइसरॉयचा जुना वाडा (१८८८) निवडावा. १९४५ ची सिमला परिषद इथे झाली. आज इथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. आतला मोजकाच भाग तिकीट काढून दाखवतात आणि सोमवारी तो बंद असतो. रिजवरचे क्राइस्ट चर्च (१८५७) आणि मॉलवरचे गेयटी नाट्यगृह (१८८७) चालता चालता होतात. सिमल्याजवळच्या कुफ्रीबद्दल मात्र हात राखून बोलावे लागते. हिवाळ्यात तिथे सिमल्यापेक्षा बर्फ जास्त, हे खरे. एरवी घोड्याच्या पाठीवरून चिखल-लीद तुडवत घेतलेला फेरफटका पैशाला महाग पडतो.

जाखूला हनुमानाचे मंदिर आणि १०८ फुटी मूर्ती आहे. चर्चपासून वाट खडी आहे, रोपवेही आहे. तिथली माकडे खाऊपेक्षा चष्म्यावर डोळा ठेवतात. खांद्यावर उडी, चष्मा हातात, आणि खायला मिळाले की तो सोडून देणे, असा त्यांचा व्यवहार आहे. चष्मा चढायला लागतानाच डबीत घालून आतल्या खिशात ठेवावा. टोपी आणि प्रसादाची पिशवी यांनाही हाच नियम.

मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात. ऑगस्ट २०२३ मध्ये सिमल्याच्या समर हिल भागाजवळ रेल्वेखालची मातीच वाहून गेली आणि रूळ अधांतरी लोंबत राहिले. बर्फ साधारण डिसेंबर-अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, पण ठरल्या तारखेला पडेल असे नाही. पडताना तो भुसभुशीत असतो आणि पाय धरतो. धोका दुसऱ्या सकाळी, दिवसा वितळलेले पाणी रात्री पायऱ्यांवर काचेसारखे गोठते तेव्हा. अशा वेळी बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवावेत, कठड्याच्या बाजूने चालावे आणि ऊन पायरीवर येईपर्यंत खाली उतरू नये.