फळी वाकडी का निघते?

उत्तर अमेरिका, स्वीडन, ऑस्ट्रेलिया इथले अनेक शेतकरी गाडीमागे ट्रेलरसारखी ओढून नेता येणारी छोटी आरागिरणी बाळगतात. (आपल्याकडे आरागिरणीला वन विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे हौसेखातर ती घेऊन टाकता येत नाही.) रचना अगदी साधी. खाली ओंडका, त्याच्या दोन्ही बाजूंना रूळ आणि रुळांवरून सरकणाऱ्या गाड्यात दोन चाकांवर ताणून बसवलेलं पट्ट्यासारखं पातं. पहिल्याच दिवशी फळ्या पडू लागतात, पण सरळ पडत नाहीत. मग नवशिके पाने घेऊन यंत्राचे बोल्ट फिरवायला बसतात. आधी पातं बदलून बघावं; निम्मी दुखणी तिथेच संपतात.

हे पातं साधारण ३२ मिमी रुंद आणि जेमतेम १ मिमी जाड असतं. एवढ्या पातळ पोलादाला ताठपणा येतो तो ताणामुळे. दात धारदार असले तर भुसा पाडत सहज पुढे जातात. बोथट झाले की गाडा जोर लावून रेटावा लागतो, आणि रेटलेलं पातं सोपी वाट शोधत वर-खाली भरकटतं. गाठीपाशी लाकूड टणक आणि रेषा तिरक्या, म्हणून फळीवरची लाट, म्हणजे पृष्ठभागाचा उंचसखलपणा, बहुधा तिथूनच सुरू होते. एक-दोन तास कापणी झाली की पातं उतरवून धार लावायला टाकावं, लाट दिसायची वाट पाहू नये. आपल्या सागात सिलिका असते, त्यावर धार आणखी लवकर जाते.

ताणाचा हिशेब बघण्यासारखा आहे. ४ मीटर घेराचं पातं घर्षणाने १० अंश सेल्सिअसने तापलं, तर सुमारे अर्धा मिलिमीटर लांबतं. मुळात ताण देताना ते दोन-तीन मिलिमीटरच लांबलेलं असतं. म्हणजे स्क्रूने ताणलेल्या यंत्रात तेवढ्या उष्णतेनेही ताण चांगलाच उतरतो. म्हणून पहिल्या काही कापांनंतर ताण पुन्हा तपासायचा, पाइनसारख्या चिकट लाकडात पात्यावर पाण्याची बारीक धार चालू ठेवायची, आणि काम संपलं की ताण सैल करायचा. पात्याला आधार देणारा सरकता रोलर ओंडक्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर असावा. तो लांब राहिला की मधलं निराधार पातं डुलतं.

लाट न येता पातं सतत एकाच बाजूला, वर किंवा खाली, जात असेल तर कारण वेगळं. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. एका बाजूचे दात खिळ्याला किंवा दगडाला लागून बोथट झाले की पातं धारदार बाजूकडे ओढलं जातं. म्हणून सालीवरची माती, निदान पातं जिथून आत शिरतं त्या बाजूची, तासून काढावी. कुंपणालगतच्या झाडात तारा आणि खिळे हमखास असतात. ओकसारख्या लाकडाच्या कापलेल्या टोकावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोह यांच्या संयोगातून तो रंग येतो. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची काळी शाई याच रसायनाची.

पातं, ताण, रोलर सगळं ठीक असूनही फळी वाकते, तेव्हा गाठ झाडाशीच असते. उभ्या झाडात बाहेरचं लाकूड लांबीच्या दिशेने ताणलेलं आणि गाभा दाबलेला असतो. दोन्ही एकमेकांना तोलून धरतात. वरचा काप काढला की हा तोल मोडतो. सुटलेल्या फळीची टोकं सालीच्या बाजूला वळतात, तर उरलेल्या ओंडक्याची खालची बाजू अजून ताणलेलीच असल्याने तो मध्ये किंचित उचलला जातो. आता त्याच बाजूने कापत राहिलं तर पुढची फळी मध्यभागी जाड आणि टोकांना पातळ निघते. उपाय म्हणजे दोन-तीन फळ्यांनंतर ओंडका १८० अंशांत फिरवून समोरच्या बाजूने तेवढंच लाकूड काढायचं. कललेल्या झाडाचं खोड आणि जाड फांद्या मात्र पहिल्या सरावाला घेऊच नयेत. त्यांत हा ताण एकांगी असतो आणि कितीही फिरवलं तरी फळी सरळ राहत नाही.

बुंधा एका टोकाला बारीक असेल तर ते टोक पाचरीने उचलून गाभा पात्याला समांतर आणावा. रूळ दोरी ताणून आणि लेव्हल लावून तपासावेत, तेही दर दिवशी, कारण ६० सेंमी व्यासाचा, ३ मीटर लांब ओला ओक आठशे किलोंच्या पुढे भरतो आणि मऊ जमीन त्याखाली दबते. माप घेताना पात्याने खाल्लेलं लाकूड धरायचं: २५ मिमीच्या फळीसाठी गाडा २७ मिमी खाली आणावा लागतो. हे विसरलं तर प्रत्येक फळी दोन मिलिमीटरने पातळ निघते. शिवाय वाळताना लाकूड आटतं आणि रंधाही थोडं खातो, म्हणून तयार २५ मिमी हवी असेल तर ओली फळी २८ किंवा त्याहून जाड कापणं बरं.

वाळवणीची सुरुवात कापण्याआधीच होते. टोकांतून पाणी फार झपाट्याने उडतं आणि चिरा जातात, त्यामुळे झाड पाडल्यावर लगेच दोन्ही टोकांना दाट रंग फासावा. फळ्यांची थप्पी जमिनीपासून फूटभर उंचावर, दर ४० ते ६० सेंमीवर २५ मिमीच्या कोरड्या पट्ट्या घालून रचावी. प्रत्येक थरातल्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक यायला हव्यात. एखादी सरकली की वरच्या फळ्या तिथे झोळ घेतात. वर पत्रा आणि वजन ठेवावं, बाजू वाऱ्याला मोकळ्या सोडाव्यात.