लाहायना वणवा (२०२३)

लाहायना वणवा : अमेरिकेच्या हवाई राज्यातील माउई बेटावर ८ ऑगस्ट २०२३ रोजी लागलेली आग. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे लाहायना हे जुने गाव या आगीत एका दिवसात जवळजवळ पुरते जळाले. मृतांची संख्या १०२. अमेरिकेत वणव्यात याहून अधिक माणसे मेल्याची याआधीची घटना १९१८ सालची, मिनेसोटा राज्यातील क्लोके येथील. लाहायनात सुमारे २,२०० इमारती जळाल्या किंवा निकामी झाल्या आणि त्यांतली बहुतेक राहती घरे होती. जळालेले क्षेत्र मात्र साधारण २,१७० एकर होते. कॅलिफोर्नियात लाखो एकर जाळणारे वणवे लागतात, त्या मानाने हे काहीच नव्हे. एवढ्याशा आगीत एवढी माणसे का गेली, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावरून अर्धेच कळते. बाकीचे कळायला गावाची जमीन, पाणी आणि घरभाडे यांचा इतिहास पाहावा लागतो.

लाहायना पश्चिम माउईच्या डोंगरांच्या पायथ्याशी, पर्जन्यछायेत वसले आहे. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे आपला पाऊस पू कुकुई या शिखरावर रिता करतात. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये ते मोडते. तिथून काही किलोमीटरवरचा किनारा मात्र वर्षातला बहुतेक काळ कोरडा असतो. तरीही हे गाव एके काळी हिरवेगार होते, कारण डोंगरातले ओढे किनाऱ्यापर्यंत वाहत. त्या पाण्यावर अळूची खाचरे पिकत. अळू, म्हणजे तिथला ‘कालो’, हे हवाईच्या मूळ रहिवाशांचे मुख्य अन्न. विलायती फणसाच्या राया गावावर सावली धरून असत. मोकुहिनिया नावाच्या तळ्यात मोकुउला हे बेट होते आणि त्यावर राजघराण्याचा निवास होता. १८२० ते १८४५ या काळात लाहायना ही तेव्हाच्या हवाई राजेशाहीची राजधानी होती.

पुढे आले ते ऊसवाले. १८६० च्या दशकात सुरू झालेल्या पायोनियर मिल या कारखान्याने आसपासची जमीन उसाखाली आणली आणि ओढ्यांचे पाणी पाट काढून मळ्यांकडे वळवले. चीन, जपान, पोर्तुगाल, फिलिपीन्स येथून मजूर आणून मळ्यांलगतच्या वस्त्यांत ठेवले गेले. खाली पाणी येईनासे झाल्यावर खाचरे वाळली आणि राया उतरल्या. मोकुहिनिया तळ्याची दलदल झाली. १९१४ च्या सुमारास ते भराव घालून बुजवले आणि राजाच्या बेटावर खेळाचे मैदान झाले. एखाद्या समाजाची मानाची जागा किती सहज पुसली जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

पायोनियर मिल १९९९ मध्ये बंद पडली आणि माउईवरचा शेवटचा ऊस २०१६ मध्ये निघाला. ऊस गेला, पण पाण्यावरचा आणि जमिनीवरचा मोठ्या कंपन्यांचा ताबा बऱ्याच अंशी राहिला. पडीक टाकलेल्या मळ्यांत गिनी गवत आणि बफेल गवत माजले. मूळची आफ्रिकेतली ही गवते जनावरांच्या चाऱ्यासाठी आणली होती. पावसात ती पुरुषभर वाढतात, उन्हाळ्यात वाळून उभी राहतात आणि जळाली तरी देशी झाडांआधी पुन्हा फुटतात. त्यामुळे प्रत्येक आगीनंतर गवताचे रान वाढतच जाते. हवाईच्या एकूण भूभागापैकी जवळजवळ चौथा हिस्सा आज अशा परक्या गवतांनी व्यापला आहे. लाहायनाच्या वरच्या अंगाला, घरांच्या कुंपणापर्यंत हेच गवत उभे होते. या परिसराला आगीचा अतिशय मोठा धोका आहे, असे २०१४ च्या वणवा संरक्षण आराखड्यात स्पष्ट लिहिलेले होते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लेन चक्रीवादळाच्या वेळी वणवा लागून गावाच्या वरच्या भागातली सुमारे वीस घरे जळालीही होती.

उसाची जागा पर्यटनाने घेतली. लाहायनाच्या उत्तरेला कानापाली येथे १९६० च्या दशकात आखीव हॉटेलनगरी उभी राहिली. १९६२ मध्ये लाहायनाच्या जुन्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि समुद्राकाठची फ्रंट स्ट्रीट दुकाने, खानावळी व चित्रदालने यांनी भरून गेली. २०१९ मध्ये हवाईत एक कोटीहून अधिक पर्यटक आले. राज्याची स्वतःची लोकसंख्या १४ लाखांच्या आसपास आहे. माउईवरची असंख्य घरे आणि सदनिका पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिल्या जाऊ लागल्या, आणि त्यांचे मालक बरेचदा बेटाबाहेरचे असत. साध्या स्वतंत्र घराची मध्यम किंमत दहा लाख डॉलरच्या वर गेली. हॉटेलात चादरी बदलणाऱ्याला, स्वयंपाकघरात राबणाऱ्याला त्याच गावात घर घेणे अशक्य झाले. २०२० च्या जनगणनेत असे दिसले की हवाईच्या मूळ वंशाची निम्म्याहून अधिक माणसे आता हवाईबाहेर राहतात.

जे राहिले ते दाटीवाटीने राहिले. लाहायनाची लोकसंख्या २०२० मध्ये १२,७०२ होती. तिच्यात फिलिपिनो कुटुंबे फार मोठ्या संख्येने होती. मळ्यांच्या काळातली लाकडी घरे, त्यांना मागे-पुढे काढलेल्या खोल्या, एका छपराखाली दोन-तीन कुटुंबे आणि दोन-दोन नोकऱ्यांवर जाणाऱ्या प्रत्येकाची वेगळी मोटार. गल्ल्या अरुंद होत्या आणि दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असत. कारखान्याच्या धुराड्याजवळची कुहुआ कॅम्प ही अशीच मजूर-वस्ती. आगीतले बरेच बळी याच भागातले आहेत. पर्यटनाने महाग केलेल्या गावात कामगारांच्या वाट्याला जी जागा आली, तीच सर्वांत धोक्याची ठरली. या दुर्घटनेत निसर्गाचा वाटा आहेच, पण ही मांडणी निसर्गाने केलेली नव्हती.

८ ऑगस्टला बेटांच्या उत्तरेला हवेचा जास्त दाब होता आणि शेकडो किलोमीटर दक्षिणेकडून डोरा चक्रीवादळ जात होते. या दोहोंमधल्या दाबातील फरकाने वारे डोंगरावरून खाली लाहायनावर कोसळले. झोत ताशी शंभर किलोमीटरच्या घरात होते. हवामान खात्याने आगीच्या धोक्याचा इशारा आधीच दिला होता. पहाटेपासून विजेचे खांब आडवे होऊ लागले. सकाळी साडेसहाच्या सुमारास लाहायनालुना रस्त्याजवळ तुटलेल्या तारेने गवत पेटले. अग्निशमन दलाने ती आग आटोक्यात आणली, नऊच्या सुमारास ती पूर्ण रोखल्याचे जाहीर झाले आणि दुपारी दोननंतर, आग विझली असे समजून पथक तिथून हलले. तीनच्या सुमारास त्याच जागी पुन्हा जाळ उठला. या वेळी तो घरांत शिरला आणि सुटलेल्या ठिणग्या एका छपरावरून पुढच्या छपरांवर पडत गेल्या. एकदा घरे पेटली की गवताचे काम संपते, मग घरच घराला पेटवते. संध्याकाळ होण्याआधीच आग समुद्राला भिडली.

वाऱ्यामुळे त्या दिवशी शाळा बंद होत्या. अनेक मुले घरी आणि आईवडील कामावर, अशी स्थिती होती. वीज सकाळपासून गेलेली, मोबाइलचे जाळेही कोलमडलेले, म्हणून फोनवर पाठवलेले इशारे बहुतेकांना पोहोचले नाहीत. बेटावरचे ८० भोंगे वाजलेच नाहीत. भोंगे त्सुनामीसाठी आहेत, ते वाजले असते तर लोक डोंगराकडे म्हणजे आगीकडेच धावले असते, असे समर्थन माउईच्या आपत्कालीन व्यवस्थापनाचे प्रमुख हर्मन अंडाया यांनी केले आणि दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, राजीनामा दिला. हे समर्थन पटण्यासारखे नाही. ज्या माणसाला धूर दिसतो तो भोंगा ऐकून धुरात शिरत नाही, आणि ज्याला काहीच कळलेले नाही तो भोंग्याने निदान दाराबाहेर तरी येतो.

गावातून बाहेर पडायचा मुख्य रस्ता एकच, किनाऱ्याचा महामार्ग. पडलेल्या खांबांनी आणि तारांनी वाटा अडल्या होत्या, म्हणून गाड्यांची रांग फ्रंट स्ट्रीटवर येऊन थांबली. मागून आग आली तेव्हा माणसांनी गाड्या सोडल्या आणि भिंत ओलांडून समुद्रात उड्या घेतल्या. धुरात, लाटांत, खडकांना धरून काही जण कित्येक तास राहिले. तटरक्षक दलाने १७ जणांना पाण्यातून काढले. अनेकांचे अवशेष गाड्यांत किंवा घरांत सापडले. मृतांपैकी सुमारे दोन तृतीयांश साठीच्या पुढचे होते. वृद्धांसाठी बांधलेल्या स्वस्त घरांच्या एका संकुलातूनही अनेक जण बाहेर पडू शकले नाहीत. घरोघरीच्या नळजोडण्या वितळून पाणी वाहून गेल्याने रस्त्यावरच्या अग्निशमन नळांचा दाब उतरला आणि जवान हातात कोरडी नळी घेऊन उभे राहिले. त्यांच्यापैकी काहींची स्वतःची घरे त्याच वेळी जळत होती.

पाण्याचा जुना वाद आगीनंतर लगेच वर आला. राज्याच्या जल आयोगाने २०२२ मध्ये पश्चिम माउईचे पाणी सरकारी नियमनाखाली आणले होते. त्यामागे ओढे पुन्हा वाहते करण्यासाठी मूळ रहिवाशांनी दिलेला दीर्घ लढा होता. आगीनंतर आठवडाभरातच आयोगाचे उपप्रमुख कालेओ मानुएल यांना पदावरून हलवले गेले. एका जमीन कंपनीला तलाव भरण्याची परवानगी वेळेत मिळाली नाही, असा आरोप होता. वास्तविक त्या वाऱ्यात तलावातून पाणी उचलणारी हेलिकॉप्टर उडूच शकत नव्हती आणि ते तलाव गावाच्या अग्निशमन नळांना जोडलेले नव्हते. लोकांच्या विरोधानंतर ऑक्टोबरमध्ये मानुएल यांना पद परत मिळाले.

सकाळची आग आपल्या तारांमुळे लागली, हे हवाईयन इलेक्ट्रिक या वीज कंपनीने मान्य केले, दुपारच्या आगीची जबाबदारी मात्र नाकारली. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय व काउंटी (म्हणजे जिल्हा) पातळीवरच्या तपासाचा निष्कर्ष असा की दोन आगी नव्हत्याच. सकाळचाच विस्तव राखेखाली धुमसत राहून वाऱ्याने पुन्हा भडकला. ऑगस्ट २०२४ मध्ये वीज कंपनी, राज्य, माउई काउंटी आणि जमीनमालक यांच्यासह सात प्रतिवादींनी सुमारे चार अब्ज डॉलरच्या भरपाईची तडजोड स्वीकारली.

जळालेल्या वास्तूंत १८२३ मध्ये स्थापन झालेल्या वायोला चर्चची इमारत, १८३० च्या दशकातले बॉल्डविन घर, वो हिंग हे चिनी मंदिर आणि जोदो पंथाचे जपानी बौद्ध मंदिर होते. मंदिराबाहेरची बुद्धमूर्ती वाचली, कारखान्याचे धुराडेही उभे राहिले. न्यायालयासमोरचा प्रसिद्ध वड होरपळला, पण मेला नाही. हा वड भारतातून आणलेला. लाहायनातल्या अमेरिकन ख्रिस्ती मिशनच्या पन्नाशीनिमित्त एप्रिल १८७३ मध्ये त्याचे आठ फुटी रोप लावले गेले. हे मिशन ज्या अमेरिकन संस्थेचे होते, तिचेच ‘अमेरिकन मराठी मिशन’ मुंबई आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे काम करीत होते, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्यातूनच निघाले. पारंब्यांचे खोड होत होत लाहायनाच्या वडाने एक चौक व्यापला होता. आगीनंतर वृक्षतज्ज्ञांनी टँकरने पाणी आणि मुळांना खत घातले. सप्टेंबरमध्ये त्याला पालवी फुटली, काही फांद्या मात्र कायमच्या गेल्या.

माणसांना पालवी इतक्या लवकर फुटली नाही. हजारो बेघरांना कानापालीच्या हॉटेलांत ठेवले गेले आणि ८ ऑक्टोबर २०२३ पासून पश्चिम माउई पर्यटकांसाठी पुन्हा खुले झाले. दोन महिन्यांत पाहुण्यांसमोर हसून उभे राहायचे, या कल्पनेविरुद्ध हजारो रहिवाशांनी सह्या केल्या होत्या, पण रोजगारही त्याच पाहुण्यांवर होता. जळालेल्या जमिनी विकत मागणारे फोन आगीनंतर काही दिवसांतच सुरू झाले. त्यांना उत्तर म्हणून रहिवाशांनी जमीन गावकीच्या हाती राहावी यासाठी सामुदायिक न्यास स्थापला. ‘लाहायना स्ट्राँग’ या गटाने नोव्हेंबरपासून कानापालीच्या वाळूत तंबू ठोकले. मासेमारीला रात्रंदिवस किनाऱ्यावर बसण्याचा हक्क वापरून, गळ रोवून, ते पर्यटक-सदनिका बेघरांना द्या अशी मागणी करीत राहिले. त्यातूनच मे २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी सदनिकांसाठी राखलेल्या विभागांतली हजारो अल्पमुदतीची पर्यटक-भाडी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. मालक आणि पर्यटन व्यवसायाच्या कडव्या विरोधानंतर काउंटी परिषदेने तो २०२५ च्या डिसेंबरमध्ये मंजूर केला. हवाईने १९७९ मध्ये रद्द केलेले राज्य अग्निशमन प्रमुखाचे पदही आगीनंतर कायदा करून पुन्हा निर्माण केले.